तोतया, अंगठा आणि ओटीपी : ‘तोच हा’ कशावरून?

‘घरबसल्या बँकव्यवहार आणि ओळखीची चोरी’ हा विषय संयोजकांनी सुचवला तेव्हा आम्ही त्यांना म्हटलं, अहो, यासाठी सायबर शाखेचा एखादा अधिकारी बोलवा, आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे मास्तर. त्यावर ते म्हणाले, अधिकारी येऊन गेले, काय करू नये याची यादीही देऊन गेले. पण लोक विचारतात की शिकलेसवरलेले, आयुष्यभर हिशोब चोख ठेवलेले लोक यात सापडतात कसे? या प्रश्नाचं उत्तर यादीत मिळत नाही, इतिहासात थोडंफार मिळतं. म्हणून आज आपण जरा लांबून येणार आहोत. घाई असेल त्यांनी शेवटची दहा मिनिटं ऐकली तरी चालेल.

आपल्या न्याय आणि वेदान्ताच्या ग्रंथांत एक देवदत्त नावाचा गृहस्थ वारंवार येतो. काशीला पाहिलेला देवदत्त पुढे दुसऱ्याच गावात भेटतो आणि आपण म्हणतो, ‘तोच हा देवदत्त’. या ज्ञानाला प्रत्यभिज्ञा म्हणतात. त्यात आधी पाहिल्याची आठवण असते आणि आत्ता समोर दिसणंही असतं. पूर्वी बँकेचा कारकून खिडकीतून मान वर करून ‘काय नाना, पेन्शन का?’ असं विचारायचा, ती शुद्ध प्रत्यभिज्ञा होती. पण देवदत्त काशीलाच राहिला आणि पैसे मात्र पुण्यातून काढायचे म्हणाला, तर? मग पुण्यातल्या माणसाला देवदत्त दिसत नाही, देवदत्ताची खूण तेवढी दिसते. सही, अंगठा, आकडा, शब्द. धूर पाहून अग्नी ओळखावा तसं खुणेवरून माणूस ओळखायचं. म्हणजे प्रत्यक्ष संपलं आणि अनुमान सुरू झालं. आणि अनुमानाचा धोका नैयायिकांनी फार पूर्वीच सांगून ठेवला आहे : वाफ किंवा धुळीचा लोट धूर म्हणून घेतला, तर अग्नी नसलेल्या ठिकाणीही अग्नी ‘सिद्ध’ होतो. दूरस्थ बँकव्यवहारातली सगळी चोरी ही अशी धूळ उडवण्याची कला आहे.

मराठीला या प्रकारासाठी नवा शब्द शोधायची गरजच नाही. आपल्याकडे ‘तोतया’ हा शब्द आहे आणि त्याला इतिहासाचा दाखला आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांच्या मृत्यूची खात्री पुष्कळांना पटली नाही. पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करलंच नाही. मग काही वर्षांनी एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला. त्याला पकडून कैदेत टाकलं. पण १७७६ साली रत्नागिरीला कैदेत असताना ज्याच्या ताब्यात तो होता त्या अधिकाऱ्यानेच त्याला सोडलं, आणि बघता बघता कोकणातले किल्ले आणि हजारो माणसं त्याच्या मागे गेली. पुढे तो आंग्र्यांच्या हाती सापडला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली.

इतके लोक त्याच्या मागे गेले, ते सगळे मूर्ख होते का? आम्हाला तसं वाटत नाही. भाऊ परत यावेत अशी कित्येकांची मनापासून इच्छा होती, आणि नाना फडणीसांच्या कारभाराला विटलेल्यांना ते सोयीचंही होतं. तोतयाने फार काही सिद्ध केलं नाही. लोकांनी आपल्या इच्छेतून उरलेला पुरावा पुरवला. आजच्या तोतयाला इच्छेपेक्षा भीती अधिक उपयोगी पडते, एवढाच फरक.

आता पैशाकडे वळू. दूरच्या गावी पैसे पाठवण्याची आपली जुनी सोय म्हणजे हुंडी. पुण्याच्या पेढीवर रोकड भरायची, हुंडी घ्यायची आणि सुरतेला किंवा काशीला त्या पेढीच्या आडत्याकडे ती वटवायची. दाखवताच पैसे मिळत ती दर्शनी, ठरलेल्या काळाने मिळत ती मुदती. हुंडीची भाषा वाचण्यासारखी असते. रक्कम आकड्यात लिहायची, अक्षरात लिहायची, वर तिची निमपट किती तेही लिहायचं आणि ‘त्याचे दुप्पट’ म्हणून पूर्ण रक्कम पुन्हा सांगायची. एका शून्याने लबाडी करता येऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप. हुंडी गहाळ झाली तर तिची नक्कल म्हणजे पेठ, तीही हरवली तर परपेठ.

पण त्यातली खरी गंमत आहे शाहजोग हुंडीची. ही हुंडी कोणा ऐऱ्यागैऱ्याला वटवता येत नसे. ज्याची बाजारात पत आहे अशा सावकाराच्या मार्फतच, म्हणजे ‘शाहा’च्या मार्फतच, तिचे पैसे मिळत. उद्या हुंडी चोरीची निघाली तर जबाबदार कोण, हे त्यामुळे आधीच ठरलेलं असे. म्हणजे हुंडीवाल्यांनी ‘हा माणूस तोच का’ हा अवघड प्रश्न सोडवलाच नाही. त्यांनी त्याच्या जागी ‘याच्यासाठी जामीन कोण’ हा सोपा प्रश्न ठेवला. आणि पैसे देणारी पेढी खरी आहे का, हा प्रश्न तर उद्भवतच नसे. पेढी बाजारपेठेत, पिढ्यान्‌पिढ्या त्याच ओट्यावर बसलेली. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

कंपनी सरकार आलं आणि चित्र बदललं. या सरकारला माणसं हवी होती पण ती ओळखता येत नव्हती. बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा तरुण अधिकारी होता. युरेनसचा शोध लावणाऱ्या हर्शेलचा हा नातू. आजोबांनी दुर्बिणीतून आकाश पाहिलं, नातवाने भिंगातून बोट पाहिलं म्हणा ना. जुलै १८५८ मध्ये रस्त्यासाठी लागणाऱ्या मालाचा करार त्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी केला. वर्ष कोणतं ते पाहा, उठावाची धग अजून विझलेली नव्हती. उद्या कोनाईने ‘ही सही माझी नाही’ म्हणू नये म्हणून हर्शेलने त्याच्या तळहाताला शाई लावून कराराच्या पाठीवर ठसा उमटवून घेतला. त्या क्षणी त्यात शास्त्र काही नव्हतं. धाक बसवणं एवढाच हेतू होता.

पण हर्शेलला त्याचा छंदच लागला. पुढची वीस वर्षं तो ठसे जमवत राहिला. १८७७ मध्ये हुगळीला मॅजिस्ट्रेट असताना त्याने दोन ठिकाणी बोटांचे ठसे घ्यायला लावले, आणि आजच्या आपल्या विषयाच्या दृष्टीने हीच खरी आरंभाची जागा आहे. पहिली जागा पेन्शनीची. पेन्शनर मरायचा आणि त्याच्या नावाने दुसराच कोणी दर महिन्याला पेन्शन उचलत राहायचा. दुसरी जागा दस्तनोंदणीची. जमिनीचा दस्त करून देणारा मनुष्य नंतर ‘तो मी नव्हेच’ म्हणायचा. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचं कार्यालय निघालं. ठशांची वर्गवारी करण्याच्या पद्धतीला एडवर्ड हेन्रीचं नाव मिळालं. तिच्या मागचं गणित आणि मेहनत अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा हिंदी कर्मचाऱ्यांची होती. हेही एका परीने ओळख हरवण्याचंच उदाहरण, पण त्याचा गुन्हा नोंदला जात नाही.

इथे एक गोष्ट घडली जी फारशी कुणाच्या ध्यानात आली नाही. हुंडीच्या व्यवहारात दोन्ही बाजू एकमेकांना जोखत होत्या. हुगळीच्या कचेरीत मात्र एकच बाजू जोखली जाऊ लागली. रयतेने आपण कोण ते सिद्ध करायचं. समोरचा साहेब खरा साहेब आहे का, हे रयतेने विचारायचं नाही. कचेरी दगडी होती, दारावर पट्टेवाला होता, तेव्हा विचारायची गरजही नव्हती. पण सवय लागली ती लागलीच.

पुढचा प्रवास झरझर सांगतो. १८८० साली टपालखात्याची मनीऑर्डर आली. मुंबईच्या गिरणीतून कोकणातल्या घरी पैसे जायचे आणि पोस्टमन पैसे घेणाऱ्याला नावानिशी ओळखायचा. बँकेत नमुना सहीचं कार्ड असायचं. २७ जून १९६७ रोजी लंडनजवळ एनफील्डला बार्कलेज बँकेने पैसे देणारं यंत्र बसवलं. ते उभं करणारे जॉन शेफर्ड-बॅरन हे जन्माने शिलाँगचे. गुप्त आकडा सहा अंकी ठेवायचा त्यांचा विचार होता, पण पत्नीला चारच अंक लक्षात राहतात म्हणाल्यामुळे तो चार अंकी केला, असं ते स्वतः सांगत. भारतात असं यंत्र १९८७ साली मुंबईत आलं. मग इंटरनेट बँकिंग, २०१० मध्ये तत्काळ पैसे पाठवण्याची सेवा, २०१६ मध्ये यूपीआय. खिडकीतला कारकून गेला, ओटा गेला, दगडी कचेरीही गेली. उरलं काय? तुमच्याकडे असलेली वस्तू, म्हणजे कार्ड किंवा सिम; तुम्हाला ठाऊक असलेलं गुपित, म्हणजे पिन; आणि तुमचं शरीर, म्हणजे अंगठा किंवा चेहरा. रिझर्व्ह बँकेने २००९ पासून ऑनलाइन कार्डव्यवहाराला जास्तीची एक खूण सक्तीची केली. तो निर्णय चांगलाच होता, त्याने बराच काळ आपल्याला वाचवलं.

पण ही जास्तीची खूणसुद्धा आपणच पटवायची, बरं का. बँकेने आपल्याला काय पटवलं?

तोतया बँकेच्या बाजूनेही उभा राहू शकतो याचं मोठं उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. ११ आणि १३ ऑगस्ट या दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातली मोठी रक्कम २८ देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांनी काढली गेली. एटीएम आपल्या परीने चोख होती. प्रत्येक वेळी ती बँकेला विचारत होती, ‘देऊ का?’ पण त्यांना उत्तर देणारी बँक नव्हतीच. हल्लेखोरांनी मध्ये आपली एक तोतया यंत्रणा बसवली होती आणि ती सगळ्यांना ‘दे’ म्हणत होती. ग्राहकांची खाती रिकामी झाली नाहीत, नुकसान बँकेचं झालं. ते यंत्राचं झालं. आपल्या फोनवर रोज हेच होतं, फक्त तिथे यंत्राच्या जागी आपण असतो.

आमच्या परिचयाच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांना एका दुपारी फोन आला. बँकेतून बोलतोय, केवायसीची मुदत संपली, संध्याकाळी सहाला खातं गोठणार. बोलणं अदबीचं, मराठी स्वच्छ. त्याला बाईंचं पूर्ण नाव ठाऊक, जन्मतारीख ठाऊक, शाखा कोणती, कार्डाचे शेवटचे चार आकडे कोणते, तेही ठाऊक. बाईंनी ओटीपी सांगितला. मग दुसरा सांगितला. तासाभरात मुदतठेवी मोडून पैसे गेले होते. नंतर त्या आम्हाला एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होत्या : ‘अहो, त्याला माझं सगळं माहीत होतं. मग मी त्याला परका कसा समजणार?’

या वाक्यापाशी आम्ही फार दिवस थांबलो आहोत. बाईंचं अनुमान असं होतं : ज्याला माझ्याविषयी माहिती आहे तो बँकेचा आहे. ही झाली धूळ. त्याला जे ठाऊक होतं ती बाईंची खूण होती, त्याची नव्हे. आपली जन्मतारीख, पत्ता, आधारची छायाप्रत आपण किती ठिकाणी देऊन ठेवली आहे ते आठवा. लॉजवर, सोसायटीच्या कार्यालयात, झेरॉक्सच्या दुकानात. ही माहिती आता गुपित उरलेलीच नाही. आणि तरी ती ऐकवली की आपला विश्वास बसतो.

इथे आम्हाला सुंदरकांड आठवतं. सीतेला रावणाने नेलं ते भिक्षेकऱ्याच्या वेषात येऊन. दाराशी आलेला अतिथी, वेष साधूचा, मग शंका कशी घ्यायची? पण अशोकवनात हनुमान येतो तेव्हाची सीता वेगळी आहे. हा वानर मी रामाचा दूत म्हणतो आहे, तरी तिला पहिला संशय येतो तो हाच की हा रावणच वेष पालटून आला असेल. मग ती त्यालाच विचारते, रामाचं वर्णन कर, लक्ष्मणाची लक्षणं सांग. तो ती सविस्तर सांगतो, मग अंगठी देतो. आणि परतताना सीता त्याच्याजवळ चूडामणी तर देतेच, शिवाय चित्रकूटावरची कावळ्याची हकिगत सांगते, जी तिला आणि रामालाच ठाऊक होती. पाहा, वस्तूही आहे, गुपितही आहे आणि ते दोन्ही बाजूंनी आहे. दूताने आधी स्वतःला सिद्ध केलं, मगच सीतेने आपली खूण त्याच्या हाती दिली. हा क्रम आज आपण उलटा केला आहे. फोन येतो आणि फोन करणाराच आपल्याला विचारतो, ‘खात्रीसाठी तुमची जन्मतारीख सांगा.’

तेव्हा व्यवहारात काय करायचं? सीतेने केलं ते. आलेला फोन आपण ठेवायचा आणि आपण आपल्या हाताने बँकेला लावायचा. नंबर कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो तो घ्यायचा, इंटरनेटवर शोधून सापडलेला घ्यायचा नाही, कारण तिथे तोतयांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. खरा बँकवाला याने रागावत नाही. रागावला, घाई करू लागला, ‘फोन ठेवलात तर खातं जाईल’ म्हणाला, तर त्यानेच आपली ओळख पटवून दिली असं समजा. पोलिसांच्या वेषात व्हिडिओ कॉल करून ‘डिजिटल अरेस्ट’ केली म्हणणाराही त्यातलाच. कायद्यात असली अटक नाही; पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून तसं सांगितलं, तरी माणसं घरात दार लावून बसतातच. दगडी कचेरीची सवय!

यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. ‘तुमचे पैसे परत करतो, पिन टाका’ म्हणणारा पैसे नेतो आहे. लग्नपत्रिका किंवा वाहतुकीच्या दंडाची पावती म्हणून एपीके फाईल आली तर ती उघडायची नाही, पत्रिका कितीही जवळच्या घरची असो. आणि फोनची रेंज अचानक गेली, घरातल्या इतरांची मात्र आहे, तर आपल्या नावाने दुसऱ्याने सिम काढलं असण्याची शक्यता धरून दुसऱ्या फोनवरून आधी कंपनीला आणि मग बँकेला कळवायचं. ओटीपी ज्याच्या सिमवर जातो, बँकेच्या लेखी देवदत्त तोच.

आता मुख्याध्यापिकाबाईंच्या गोष्टीचा दुसरा भाग. झाल्या प्रकाराची लाज वाटून त्यांनी दोन दिवस कोणालाच सांगितलं नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं आहे की, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा फसवणुकीत बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार शून्य. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझंही बँकेवर. पण ग्राहकाने गुप्त आकडा स्वतः सांगितला असेल तर तो निष्काळजीपणा, आणि बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द आम्हाला इथे अन्यायाचा वाटतो. तासभर ठरवून, घाबरवून, अदबीने केलेल्या फसवणुकीला बळी पडणं आणि कार्डावर पिन लिहून ते बाकावर विसरणं या दोन गोष्टी एका शब्दात बसू नयेत. पण नियम आज तसा आहे, म्हणून कळवण्याची घाई हीच आपल्या हातात उरते. १९३० हा केंद्राचा नंबर आहे. तिथे लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. लाज नंतर वाटून घ्या, आधी फोन करा. आणि घरातल्या मुलांनी ‘तू सांगितलासच कसा ओटीपी’ हे वाक्य निदान पहिल्या तासात बोलू नये.

काही चिठ्ठ्या आल्या आहेत. वेळ कमी आहे, एकच घेतो. एका सभासदांनी विचारलं आहे की पिन बदलता येतो, पण अंगठा चोरीला गेला तर काय?

प्रश्न मार्मिक आहे. हर्शेलने ज्या दस्तनोंदणीच्या कचेरीत ठसे घ्यायला लावले, त्याच प्रकारच्या कचेऱ्यांचे दस्त आता काही राज्यांत संगणकावर पाहायला मिळू लागले, आणि त्यांवरचे अंगठे उतरवून रबराचे किंवा सिलिकॉनचे नकली अंगठे केल्याचे, आणि आधारच्या आधारे खात्यातून पैसे काढल्याचे गुन्हे पोलिसांनी नोंदले आहेत. दीडशे वर्षांत फिरून आपण तिथेच आलो. उपाय आहे : आधारच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये ठशांना कुलूप घालता येतं, लागेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडता येतं. आधारची प्रत द्यावीच लागली तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत तिथेच मिळते, ती द्यावी. आपल्यापैकी बहुतेकांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि २०१४ पासून तो अंगठ्याने घरबसल्याही देता येतो. त्या दिवशी कुलूप उघडावं लागेल, नाहीतर पेन्शन अडकेल. ज्यांना ते कुलूप घालणं जमत नाही त्यांनी येताना फोन आणि आधार घेऊन या, सभागृहाच्या मागच्या बाजूला महाविद्यालयाची दोन मुलं बसली आहेत, ती शिकवतील. फोन मात्र त्यांच्या हातात देऊ नका, स्वतःच्या हातात धरूनच शिका.